चावडीचे दगड

पिंपरीत कारखाना उभा राहत होता, तेव्हा आमच्या गावालाही सिमेंटचं कार्यालय हवंसं झालं. त्यासाठी चावडी पाडायचं ठरलं. मी ग्रामपंचायतीत नुकताच कारकून म्हणून चिकटलो होतो.

चावडी म्हणजे तरी काय, उंच जोतं, चार सागवानी खांब आणि तीन बाजूंना घडीव काळ्या दगडाच्या भिंती. पण गावाचं सगळं तिथंच चालायचं. सारावसुली, देवीची लस, भाऊबंदकीचे निवाडे. माझ्या पहिल्या सोयरिकीची बोलणी फिसकटली, तीही तिथल्याच पायरीवर.

ते दगड माझ्या पणजोबांनी घडवलेले. वडीलही पाथरवटच, आम्ही त्यांना दादा म्हणत असू. त्यांनी सरपंचांना गळ घातली की चावडी फोडू नका, मी एकेक दगड उतरवतो आणि नदीकाठी जशीच्या तशी उभी करतो. सरपंचांनी चारचौघांत होकार दिला. दादा महिनाभर खपले. परत लावताना चुकू नये म्हणून प्रत्येक दगडावर गेरूनं आकडा टाकत गेले. आकडे त्यांना शंभरापर्यंतच यायचे. पुढच्या दगडांवर त्यांनी टिकल्या काढल्या, चांदण्या काढल्या. दगडांना नटवतोय म्हातारा, म्हणून लोक हसले.

मग ते आठवडाभराच्या कामाला देहूरोडला गेले. इकडे कार्यालयाचा पाया खणून तयार, आणि खाणीवरचा दगड येईना. ठेकेदार घायकुतीला आला. पंच म्हणाले, हे पडलेत ते वापरा. सरपंचांनी मला ठराव लिहायला सांगितला आणि मी लिहिला. खाली ‘सर्वानुमते मंजूर’ असं घोटीव अक्षरात लिहिलं. अक्षराचं कौतुकही झालं.

सायकल दाराशी उभी होती, देहूरोड काही लांब नव्हतं. मी गेलो नाही. नवी नोकरी जाईल याची भीती वाटली, दुसरं कारण उगाच कशाला शोधू? दुसऱ्या दिवशी मोठे दगड चरात बसेनात म्हणून गड्यांनी ते घणानं फोडले. मी काठावर उभा राहून चांदण्यांचे तुकडे होताना पाहिले.

दादा शनिवारी उशिरा घरी आले. तोवर पाया बुजवून वर सपाट केला होता. ताटावर बसले, पण घास मोडेनात.

“दगड कसं बसिवलं रं?” त्यांनी विचारलं. “तोंड वर हाय का खाली?”

“वर, दादा. तुमच्या खुणांप्रमाणंच लावलेत. मी स्वतः उभा होतो.”

“मग ठीक हाय,” म्हणाले आणि जेवले.

पुढं गावात कुणी विषय काढला, तर पोरानं दगड नीट लावून घेतले, असं ते सांगायचे. मला शरमेनं मान वर करवत नसे. तरी मनाशी म्हणायचो, निदान त्यांना खरं कळलं नाही.

तीन वर्षांनी ते गेले. दहाव्याला घाटावर, त्या दिवशी घण चालवणारा एक गडी माझ्याजवळ येऊन बसला.

“त्या शनिवारी म्हातारा आधी माझ्याकडंच आलता,” तो म्हणाला. “समदं सांगितलं मी त्याला. तू काठावर हुतास, त्ये बी.”