कुलपावरचा हार

दापोडीत आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे नागसेनभाऊ ओव्हाळ तीस वर्षं चाकणच्या एका कंपनीत यंत्रांच्या विजेच्या मोटारी दुरुस्त करतात. त्यांच्या घरी मिक्सर पुसायचा असला, तरी सावित्रीबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, काढलेली पिन हातात धरून उभं राहायचं असा नियम आहे.

माझी वर्षाली डिप्लोमा करून त्यांच्याच हाताखाली लागली, तेव्हा मी निर्धास्त झाले. म्हणजे दिवसातून तीनच फोन करू लागले.

मोटारीचा वेग सांभाळणारी जी पेटी असते, तिला ड्राइव्ह म्हणतात. ती किंवा मोटार बिघडली की भाऊ आधी मेन स्विच बंद करून त्याला आपलं लाल कुलूप लावतात. किल्ली गळ्यात. कुलपाला त्यांच्या फोटोचं कार्ड: 'माणूस काम करतोय'. वर्षालीचंही कुलूप शेजारी, तिच्या फोटोसकट. मग पंधरा मिनिटं दोघं नुसती बसतात, कारण बंद केल्यावरही पेटीत करंट दबा धरून असतो. मग करंट तपासायचा मीटर आधी चालू सॉकेटवर लावायचा, मग पेटीत, मग पुन्हा सॉकेटवर. मीटरच मेलेला असला तर?

"राव, तुमच्यापेक्षा सत्यनारायण लवकर उरकतो," कंपनीतली पोरं टोमणा मारतात.

"सत्यनारायण चुकला तर परत घालता येतो," भाऊ म्हणतात.

यंदा खंडेनवमीच्या पूजेला कंपनीनं घरच्यांनाही बोलावलं होतं. नेमकी त्या सकाळी तीन नंबरची लाइन बंद पडली. मी पोचले तेव्हा पोरं प्रत्येक पॅनेलला झेंडूचा हार घालत फिरत होती. तीन नंबरच्या पॅनेलला हार अडकवायला खिळा नव्हता, पण दोन कुलपं होती. पोरांनी हार त्यांवरच अडकवला, दोन्ही फोटोंना कुंकू लावलं आणि खाली उदबत्ती खोचली.

माझ्या लेकीच्या फोटोला हार. मी तिथंच फरशीवर बसले आणि हंबरडा फोडला.

नवे प्लांट हेड, मालोजी साहेब, आठवड्यापूर्वीच आलेले. त्यांनी फोटो बघितले, मला बघितलं आणि माइक हातात घेतला. "आपले दोन सहकारी आज आपल्यात नाहीत." शंभर माणसं दोन मिनिटं उभी राहिली. कोण गेलं, कोणी विचारलं नाही.

मग साहेब घड्याळाकडे बघून हळूच म्हणाले, "मुहूर्त टळतोय. लाइन चालू करूनच नारळ फोडायचाय. कटर आणा, कुलपं कापा."

स्टोअरचे लक्ष्मणराव अडले. "साहेब, कुलूप कापायच्या फॉर्मवर कुलूपवाल्याची सही लागते."

"ते वारलेत ना!"

"मग मृत्यूचा दाखला जोडा."

मी दोन्ही कुलपं मुठीत धरली. "माझ्या लेकीचं आहे. हात लावून दाखवा!" दुसऱ्या हातानं, सवयीनं, मी वर्षालीला फोन लावला.

"ताई, मी नागसेन बोलतोय. वर्षालीचे दोन्ही हात मोटारीत आहेत. नंतर करा."

"भाऊ, तुम्ही जिवंत आहात?"

"सकाळपासून आहे."

"ती?"

"तीपण. का हो?"

मी फोन साहेबांच्या कानाला लावला. साहेबांनी ऐकलं, कटरवाल्याकडे बघितलं आणि घाम पुसत म्हणाले, "घाई नाही. सावकाश होऊ द्या."

लाइनीच्या टोकाच्या, मोटार बसवलेल्या खड्ड्यातून दोघं वीस मिनिटांनी वर आली. मुहूर्त गेला होता. नारळ हातात घेऊन सगळे ताटकळत होते. भाऊंनी हत्यारं मोजली, एक पाना कमी भरला म्हणून परत खाली उतरले, तो घेऊन आले आणि मगच आपलं कुलूप काढलं. साहेबांनी दुसऱ्या कुलपाकडे बोट दाखवलं.

"ते माझं नाही," भाऊ म्हणाले. "ज्याचं त्यानं काढायचं."

वर्षालीच्या कुलपावरची मूठ मी अजून सोडली नव्हती. वर्षालीनं ग्रीसच्या हातानं माझी बोटं एकेक करून उघडली. "आई, सोड ना. सगळे बघतायत." मग तिनं हार बाजूला सारला आणि किल्ली फिरवली.