लिफ्ट दिवसभर चालू होती

पोलिसांच्या नोकरीत मृत्यू पुष्कळ पाहिले, पण केबिन रोडलगतच्या एका जुन्या इमारतीतला मृत्यू अजून मनातून गेलेला नाही. तिसऱ्या मजल्यावर राहणारे एक निवृत्त शिक्षक लिफ्टच्या खड्ड्यात पडून जागीच गेले. आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद घेतली. पंचनामा सुरू असतानाच पोलीस ठाण्यात फोन आला. नाव न सांगता एक बाई म्हणाली, "अपघात नाही तो. पोराने ढकललंय बापाला. भांडण सगळ्या मजल्याने ऐकलंय."

भांडण झालं होतं, हे खरं. मुलाला राहतं घर विकायचं होतं, वडिलांना ते मान्य नव्हतं. मुलाला गाडीत बसवलं, तेव्हा त्याची बायको माझे पाय धरत होती. ठाण्यात त्याला समोर बसवून विचारलं, "शेवटचं काय बोललास त्यांना?"

"जा कुठे जायचंय तिथे, असं बोललो साहेब. ते माझ्याकडे रागाने बघतच लिफ्टचा दरवाजा ओढून आत गेले. आत लिफ्ट नव्हतीच."

खोटं बोलणारा माणूस आपल्यालाच अडचणीत आणणारं वाक्य सहसा आपणहून सांगत नाही. पण हा झाला अनुभव, पुरावा नव्हे. त्यामुळे दुसऱ्या दिवशी तो वडिलांना अग्नी देत असताना आमचे दोन शिपाई शेजारी उभे होते. नातेवाईक लांब थांबले होते. कोणी त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही.

त्याच दुपारी सरकारी लिफ्ट निरीक्षकांना घेऊन मी इमारतीत गेलो. तिसऱ्या मजल्याच्या दरवाजाचं लॉक तुटलेलं होतं, म्हणजे लिफ्ट समोर नसतानाही तो उघडत होता. निरीक्षक म्हणाले, "लॉक असं असताना लिफ्ट जागची हलताच कामा नये. बटण दाबून बघा." दाबलं. लिफ्ट हलली नाही.

मी वॉचमनकडे वळलो. तो म्हणाला, "साब, कल सुबह मेकॅनिक आया था. उसके बाद दिनभर चालू थी."

दिवसभर चालू असलेली लिफ्ट माणूस पडल्यावर बंद कशी झाली? मधल्या वेळात कोणीतरी हात लावला होता. वरच्या मशीनरूमची चावी मेकॅनिककडेच असायची, आणि आवाज ऐकून, लिफ्ट अडकली असेल असं समजून वॉचमनने पहिला फोनही त्यालाच केला होता.

मेकॅनिक मूळचा रत्नागिरीकडचा, कामाला चांगला म्हणून ओळखला जाणारा. "त्या सकाळी काय केलंस?" मी विचारलं.

"काय नाय साहेब, जनरल चेकिंग."

"आणि वॉचमनचा फोन आल्यावर आधी कुठे गेलास? खाली माणसाजवळ, की वर मशीनरूममध्ये?"

त्याचा चेहरा उतरला. "वर," तो म्हणाला. मग स्वतःच बोलू लागला. "लॉक गेलेलं. नवीन पार्ट संध्याकाळी मिळणार होता. लिफ्ट बंद ठेवतो बोललो, तर सोसायटीचे सेक्रेटरी ओरडले, म्हातारी माणसं आहेत, कशी चढणार? म्हणून वायर टाकून लॉकशिवायच डायरेक्ट चालू केली. वाटलं, अर्ध्या दिवसात काय होतंय?"

"आणि ती वायर?"

"वर जाऊन काढली. बॅगेत आहे. टाकून द्यायला पण धीर झाला नाही."

वीतभर लांबीची लाल वायर. पंचांसमक्ष जप्त केली. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा आणि पुरावा नाहीसा करण्याचा गुन्हा दाखल झाला. सेक्रेटरीचाही जबाब घेतला.

सोडून दिल्यावर मुलगा जबाबाला आला, तेव्हा त्याने मेकॅनिकला भेटायची परवानगी मागितली. मी समोरच थांबलो.

"मला गाडीत बसवत होते तेव्हा तू कुठे होतास?" त्याने विचारलं.

"जिन्यात."

"माझी बायको साहेबांच्या पाया पडत होती. तेव्हा पण?"

"हो."

मुलगा उठला आणि निघून गेला. वायरीबद्दल त्याने एक शब्द विचारला नाही.

पुढे मेकॅनिकला शिक्षा झाली, ती कायद्याप्रमाणे. पण त्या मुलाने नेमकं काय विचारलं आणि काय विचारलं नाही, ते माझ्या लक्षात राहिलं. चूक घाईत होते, कोणाच्या तरी ओरडण्याने होते. नंतरचं गप्प बसणं मात्र माणूस स्वतः ठरवतो. निवृत्त होईपर्यंत हाताखालच्या प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला मी सांगत आलो: काम बिघडलं, तर ते निस्तरायच्या आधी सांगून टाका.