अक्काच्या कार्डावरचे सव्वीस दिवस

माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. चारचौघांत बोलायला मला जमत नाही, म्हणून वहीत लिहिते आहे. नंदाताई जाऊन तीन महिने झाले. रोज काम करताना मनात तिच्याशी बोलणं चालू असतं आणि ते काही केल्या थांबत नाही. लिहून तरी थांबेल असं वाटलं.

बातमी आली तेव्हा मी हिंजवडीजवळच्या जांबे गावातल्या आमच्या भाड्याच्या खोलीवर लेकीची दुपटी वाळत घालत होते. ताईच्या मुलीचा, पूनमचा फोन. "मावशी, आई गेली." कामावरून येताना छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. मी फोन ठेवला आणि राहिलेली दुपटी वाळत घातली. एकसुद्धा सोडलं नाही. का, ते मला अजून कळलेलं नाही. खरं म्हणजे त्या आधी चार महिने मी ताईला तोंड चुकवत होते. हिंजवडीच्या स्टॉपवर एकदा समोरासमोर आलो, तेव्हा तिनं लेकीचा गाल ओढला आणि म्हणाली, "आईवर गेलीया, बोलायची न्हाई ही पण." मी म्हटलं, रविवारी घरी येते. असे किती रविवार गेले... मी गेले नाही.

ताई पौडकडची. हिंजवडीत एका कंपनीच्या इमारतीत साफसफाईचं काम कंत्राटदाराकडं होतं, तिथं ती आम्हा बायकांची सुपरवायझर. हजेरीचं रजिस्टर तिच्या हातात. माझी थोरली जाऊ, अक्का, तिच्या हाताखाली कामाला होती. दिवाळीनंतर अक्काचा हात मोडला. काम जाऊ नये म्हणून तिच्या जागी मी जायला लागले, तिच्याच कार्डावर. आमची वाडी ताम्हिणीच्या अंगाला, तिथं अशीच रीत. भातलावणीला घरातलं एक माणूस आलं म्हणजे झालं, कोण आलं ते कुणी विचारत नाही. आज सासू, उद्या सून. आम्हाला वाटलं, कंपनीतही तसंच असेल. तोंडाला मास्क, डोक्याला टोपी, कार्डावरचा फोटो कोण बघतंय? ताईनं पहिल्याच दिवशी ओळखलं. म्हणाली, "अक्का एका रातीत बारीक झाली की गं." पण अक्काच्या नावापुढं हजेरी मांडली. महिना असा गेला, सव्वीस दिवस. मग दुसरी एक बाई काम सोडून गेली, तेव्हा ताईनं मला माझ्या नावावर लावलं. टेंपररी.

त्या वेळी मला चौथा महिना होता. आमच्यात पाचवा लागल्याशिवाय बाहेर सांगत नाहीत, दृष्ट लागते म्हणतात. पण खरं सांगायचं तर दृष्टीची भीती थोडी होती, काम जायची जास्त. मी युनिफॉर्मचा शर्ट एक नंबर मोठा मागून घेतला. दुसऱ्या मजल्यावरचे संडास धुताना फिनेलच्या वासानं मला उलटी झाली आणि वळून बघते तर दारात ताई.

"कितवा?"

"पित्त झालंय ताई."

"व्हय, चार-पाच म्हयन्यांनी त्या पित्ताला पाय फुटत्याल. कितवा म्हणते मी?"

मी रडायला लागले. नोकरी धरताना सांगितलं नाही म्हणजे मी फसवलं, असंच मला वाटत होतं. ताईनं माझ्या हातातला ब्रश काढून घेतला. "तुला कुणी इचारलं व्हतं का? न्हाई ना? मग तू फसवलंस कुणाला? पोट हाय ते, चोरी न्हाई." मग तिनं पाणी पाजलं आणि मला सांगितलं, की बाळंतपणाच्या तारखेआधीच्या वर्षात एका मालकाकडं ऐंशी दिवस काम भरलं, की पगारी रजा मिळते. बाई कायम असो, कंत्राटी असो, रोजंदारीवर असो. पूनमच्या वेळी तिला हे ठाऊक नव्हतं. सातव्या महिन्यात घरी बस म्हणाले आणि ती बसली. पुढं कितीतरी वर्षांनी कायदा कळला तेव्हा तिला तीन रात्री झोप आली नव्हती, असं म्हणाली. त्या दिवसापासून तिनं मला बादल्या उचलू दिल्या नाहीत. फरशीच्या कामावरून काढून काचा पुसायला लावलं. बाकीच्या बायका कुरकुरल्या, तर म्हणायची, "तुमी पण ऱ्हावा गरवार, तुमाला पण देते काचा."

सातवा लागला आणि कंत्राटदाराच्या साहेबाची नजर माझ्या पोटावर गेली. त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, उद्यापासून येऊ नको. ताई मधे पडली. म्हणाली, "साहेब, रजा द्या, काढू नका." ते हसले. "टेंपररी बाईला कसली रजा?"

"बाई टेंपररी हाय, बाळ न्हाई," ताई म्हणाली. बायका फिसकन हसल्या. मी मान वर केली नाही.

साहेबांनी रजिस्टर मागितलं. माझ्या नावाची हजेरी मोजली. एकसष्ट. "ऐंशी लागतात ना तुमच्या कायद्याला? विषय संपला," म्हणाले आणि गेले. अक्काच्या कार्डावरचे सव्वीस माझेच होते. ते धरले तर सत्त्याऐंशी. पण कागदावर ते दिवस मी कुठंच नव्हते.

त्याच रविवारी ताईनं मला घरी बोलावलं. पूनमकडून एक कोरा कागद घेतला. पुण्याला कामगार खात्याच्या ऑफिसात ती चौकशी करून आली होती. तिथल्या बाईंनी सांगितलं होतं, की ते दिवस तुमच्या बाईनं खरंच काम केलं असेल तर कुणीतरी तसं लिहून द्यायला हवं. लिहून देणार कोण? ज्या हातानं अक्काच्या नावापुढं खूण केली तोच हात. म्हणजे खोटी हजेरी मांडली, हे ताईनं स्वतःच कबूल करायचं. तिनं पेन उचललं आणि माझ्याकडं बघितलं. लगेच लिहिलं नाही. थांबली... बराच वेळ थांबली. आत पूनम भांडी लावत होती, त्याचा आवाज येत होता.

मी काही बोलले नाही.

सगळे मला लाजाळू म्हणतात. लहानपणापासून मी गप्प बसले की लोक म्हणतात, लाजते ती. पण त्या दिवशी मी लाजत नव्हते. 'ताई, नको, तुमचं काम जाईल' हे शब्द माझ्या तोंडात आले होते. मी ते गिळले, कारण मला ते पैसे हवे होते. ताईनं ते बघितलं असेल का, हा एकच प्रश्न मला रात्रंदिवस छळतो. तिनं मान खाली घातली आणि लिहायला लागली. सही केल्यावर म्हणाली, "चहा टाक गं पूनम, सुरेखाचा चेहरा बघ कसा झालाय."

साहेबांना पुण्याला बोलावणं आलं. दोन तारखा झाल्या. मग सव्वीस आठवड्यांचे पैसे माझ्या खात्यात जमा झाले आणि रजा संपल्यावर कामावर परत घ्यायचं असंही ठरलं. मी वाडीला सासूजवळ बाळंत झाले. मुलगी. पैशातून दवाखाना झाला, जांब्याच्या खोलीचं डिपॉझिट झालं, मालकांच्या, म्हणजे नवऱ्याच्या, गाडीचे हप्ते झाले. हात बरा झाल्यावर अक्का परत कामावर गेली होती. बाळाला बघायला आली तेव्हा तिच्याकडून कळलं, की ताईचं सुपरवायझरपण काढलं. तिला म्हाळुंग्याच्या साइटवर झाडू मारायला पाठवलं. आणि 'न आलेल्या बाईचा' पगार म्हणून ते सव्वीस दिवस तिच्याकडून वसूल केले, चारशे रुपये रोजानं दहा हजार चारशे. अक्का म्हणाली, "नंदाबाई म्हणली, सुरेखाला सांगू नगा, वली बाळंतीण हाय." मी ताईला फोन लावायला घेतला आणि ठेवून दिला. काय बोलणार होते? पैसे तर संपले होते. म्हणून मग ते रविवार...

तेराव्याला गेले तेव्हा पूनमच्या हातात तीन हजार ठेवले. कशाचे, ते सांगितलं. तिला सगळं माहीत होतं. घरी मालक चिडले. "मेलेल्या माणसाचं कसलं देणं? कुणी मागितलंय का?" कुणी मागितलं नव्हतं, हेच तर. मी आता परत कामाला जाते, पगार माझ्या खात्यात येतो. पुढच्या महिन्यात तीन दिले, त्याच्या पुढच्या महिन्यात तीन. मालक दोन दिवस बोलले नाहीत, मग बोलायला लागले.

काल शेवटचे चौदाशे घेऊन गेले. लेक कडेवर होती. पूनम परीक्षेचा अभ्यास करत बसली होती, वही बाजूला सारून उठली. मी ठरवून गेले होते, आज बोलायचं. पैसे पुढं केले आणि एका दमात म्हटलं, "त्या दिवशी ताई कागद लिहीत होती, तेव्हा मी नको म्हणायला पाहिजे होतं. मला सुचलं होतं. मी मुद्दाम बोलले नाही."

पूनमला हसू आलं, डोळ्यांत पाणी असताना येतं तसं. "आणि तुमी नको म्हणला असता, तर आईनं ऐकलं असतं व्हय, मावशी?"

ऐकलं नसतंच. पण मी म्हटलं असतं, तर तिनं ते ऐकून तरी लिहिलं असतं.

पूनमनं नोटा दोनदा मोजल्या, ताई मोजायची तशाच, तोंडानं आकडे म्हणत. चौदाशे. "पुरे झाले," ती म्हणाली.