पाच काडतुसांचं रिव्हॉल्व्हर

“एवढं जाड!” अंगठा आणि तर्जनीत अंतर धरून शेजारच्या काकू दाखवायच्या. “माझ्या रिव्हॉल्व्हरमध्ये साध्या गोळ्या नव्हत्या, छऱ्यांची काडतुसं बसायची. शिकारीच्या बंदुकीत घालतात ना, ती. पाच!”

इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या आमच्या गल्लीत हे न ऐकलेला माणूस नव्हता. तुम्ही शेजारी असता, तर पहिल्याच चहाला तुम्हीही ऐकलं असतं.

काकू मूळच्या नागपूरच्या, पण तीस वर्षं टेक्सासला काढलेल्या. काका तेलविहिरींवर, पंधरा-पंधरा दिवस बाहेर. घर गावाबाहेर, पोलीस यायला पाऊण तास. “दुकानदार म्हणाला, गोळी भिंत फोडून जाईल. भिंतीपलीकडे माझी पोरगी झोपायची. म्हणून छरे घेतले.” काका गेल्यावर त्या लेकीकडे इथे आल्या. रिव्हॉल्व्हर तिकडेच विकलं, कारण इथे ते घरात ठेवणं म्हणजे थेट तुरुंग. “या देशाला चोराचीच काळजी जास्त,” त्या कुरकुरायच्या.

एका दुपारी बाळ झोपलं होतं आणि मी घरूनच ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. खिडकीतून पाहिलं तर एक माणूस आमच्या मागच्या कुंपणावर चढत होता. तेवढ्यात शेजारच्या बागेतून खणखणीत मराठी आली, “कोण आहे रे तिकडे?” आणि मागोमाग टेक्सासचं इंग्रजी, “गेट डाउन, सन! राइट नाऊ!” काकू खुर्चीवर चढून त्याच्याकडे रोखून बघत होत्या. तो उलट्या बाजूला उडी मारून पळाला.

चौकशीला आलेल्या पोलीसबाईंनी विचारलं, “तुमच्या हातात काही होतं का?”

“कपड्यांचे चिमटे,” काकू ताठ मानेनं म्हणाल्या. मग रिव्हॉल्व्हरची गोष्ट सुरू केली. बाईंनी वही मिटून सगळी ऐकली.

त्या गेल्यावर मी चहा केला. काकूंचा कप बशीवर वाजत होता.

“काकू, तुमचे हात...”

“रिव्हॉल्व्हर असतानाही असेच थरथरायचे.” त्यांनी कप खाली ठेवला. “एकदा पहाटे दार वाजलं. मी नेम धरून उभी, बोट चापावर. दार उघडलं तर हे! ठरल्यापेक्षा दोन दिवस आधी परतलेले. तेव्हापासून ठरवलं, आधी हाक मारायची. पुढे वीस वर्षं ते माझ्याकडे होतं, पण माणसावर एकदाही झाडलं नाही.”

ही गोष्ट त्यांनी गल्लीत कुणाला सांगितली नव्हती. मला मात्र त्यांचा खरा अभिमान त्याच दिवसापासून वाटू लागला.

गेल्या फेब्रुवारीत काकू गेल्या. पंधरा दिवसांनी त्यांची लेक माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. अमेरिकेत वाढलेली, मराठी तोडकीमोडकी.

“माझा आई कुणाला घाबरायचा नाही ना?”

“घाबरायच्या,” मी म्हटलं. “खूप घाबरायच्या. तरी माझ्यासाठी बाहेर आल्या.”

ती डोळे पुसून, पाठ सरळ करून म्हणाली, “सांग. सगळा सांग.”