आतेबहिणीचे उंदीर आणि माझी रात्रपाळी

माझ्या आतेबहिणीइतकं दुसऱ्याच्या पोटावर प्रेम करणारं आणि संध्याकाळी दिवे लागल्यावर त्याच पोटाला घासभरही न मिळू देणारं माणूस अख्ख्या वाशीम जिल्ह्यात सापडायचं नाही. आमच्या अनसिंगला माया ताटात वाढून दाखवतात. ही ताट उचलून दाखवते. हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत ती उंदरांवर संशोधन करते. शरीरातल्या प्रत्येक अवयवाचं आपापलं घड्याळ असतं, आणि भलत्या वेळी खाल्लं की मेंदूचं घड्याळ एक सांगतं नि यकृताचं दुसरं, हा तिचा विषय. माझ्या आईने तो शेजारीपाजारी सोपा करून सांगितला आहे : "आमची पोरगी उंदराईले टायमावर जेवू घालते." ऐकणाऱ्या बाया हळहळतात. एवढं शिकून हेच नशिबी आलं म्हणून.

सुट्टीवर आली की ती सकाळी मेंदूचं घड्याळ लावायला घरादाराला अंगणात उन्हाकडे तोंड करून बसवते. संध्याकाळी पाहुण्यांपुढे ठेवलेला चिवडा तिच्या गोड बोलण्याने पुन्हा डब्यात जातो. एकदा किन्हीराजाला नात्यातलं लग्न होतं. वरात बँडपुढे नाचतच राहिली, सूर्य कलला, आणि ही सरळ आचाऱ्याकडे जाऊन पालथ्या घमेल्यावर बसून जेवू लागली. पाहुणी रुसली असं समजून नवरीचे वडील हात जोडत धावत आले. "रुसली नाही, काका. दिवस बुडून राह्यला," ती म्हणाली, आणि त्यांनाही शेजारी बसवून उंदरांची हकिकत ऐकवू लागली. खिशात मधुमेहाच्या गोळ्या घेऊन जेवणासाठी ताटकळलेली चार म्हातारी माणसं हळूच तिच्या रांगेत येऊन बसली. अक्षता पडण्याआधी पंगत उठल्याचं आमच्या भागातलं ते पहिलंच लग्न असावं.

पुढे माझीच साखर वाढली. मी रेल्वेत पॉइंट्समन, गाड्यांसाठी रुळांचे सांधे बदलणारा. ड्यूटी कधी दिवसाची, कधी रात्रीची. रात्रपाळीला आई भाकरी, पिठलं आणि वर काहीतरी गोड असा भरगच्च डबा द्यायची. गोळ्या वाढत होत्या, साखर हटत नव्हती. वैद्यकीय तपासणी जवळ आली होती. नापास झालो तर रुळांवरचं काम सुटणार, आणि माझा जीव तर त्याच कामात. हे कळल्यावर गावी आलेल्या बहिणीने आपली सुट्टी वाढवून घेतली. मी काय खातो हे तिने विचारलंच नाही. "भाऊ, कवा खातं ते सांग," म्हणाली. तेच दाणे, तेवढेच दाणे. पण झोपेच्या वेळी दिले तर उंदीर लठ्ठ होतात, जागेपणी दिले तर धडधाकट राहतात, आणि माणूस रात्रपाळीला जागा असला तरी त्याच्या पोटाचं घड्याळ रात्री झोपलेलंच असतं, असं तिने समजावलं. मग मला घेऊन वाशीमच्या डॉक्टरांकडे गेली. गोळ्यांचं सगळं त्यांच्यावर सोपवलं आणि जेवणाच्या वेळा तेवढ्या त्यांना विचारून ठरवल्या. रात्रीचा डबा बंद झाला. आईचा जीव तुटला. पोरगं रातभर उपाशी राहणार, मग घरात मी कायले आहे, असं ती म्हणू लागली.

"मामी, तुमचा हात नाही थांबवून राह्यली मी," बहीण म्हणाली. "त्याच्या पोटाले फक्त रातची सुट्टी द्या."

आईने दिली. रात्रपाळी संपवून सकाळी घरी यावं तर तव्यावर भाकरी फुगत असायची. हळूहळू साखर उतरली, डॉक्टरांनी एक गोळी कमी केली आणि तपासणीत मी पास झालो. हे बहिणीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "उंदरं मले कधी असं सांगत नाहीत."

यंदा दिवाळीला आली तेव्हा तिच्या डोळ्यांखाली काळं दिसलं. उंदीर रात्री जागतात म्हणून तीही जागते, आणि तिचं स्वतःचं जेवण वाट्टेल तेव्हा होतं. भर दुपारी लिंबाखालच्या बाजेवर तिने हे बोलता बोलता कबूल केलं आणि वाक्य पुरं व्हायच्या आत झोपली. वांग्याची भाजी निवत होती. मी तिला हाक मारणार, तेवढ्यात आईने मला हातानेच थांबवलं.

"झोपू दे तिले. ताट झाकून ठेवलं मी," ती हळूच म्हणाली, आणि पदराने माश्या वारत तिच्या उशाशी बसून राहिली.