सेलमहून विज्ञानाचा धडा

बिरदेवला कळलं तर तो रागावणार नाही, याचीच मयूरीला जास्त भीती वाटत होती. रागावणारा असता तर तिनं खाली मान घालून ऐकून घेतलं असतं. पण तो फोनवर एवढंच म्हणेल, "न्हाई जमत तर ऱ्हाऊ दे. पोरीला तरास देऊ नको." त्या एका मायेच्या वाक्यानं शिवांजलीची शाळा दहावीतच संपून जाईल. भाजी निवडताना, बँकेच्या रांगेत, दुधाच्या पातेल्यापाशी उभी असताना, कुठंही हा विचार तिला गाठायचा आणि मग सोडायचा नाही.

कळण्यासारखं होतं ते एवढंच. पहिल्या सत्रात शिवांजलीला विज्ञान भाग एकमध्ये चाळीसपैकी तेरा मार्क पडले होते आणि मयूरीनं नवऱ्याला सांगितले होते चौतीस.

बिरदेव विट्याजवळच्या एका माळावरच्या गावचा. दहावीला तोही विज्ञानातच नापास झाला होता. निकाल लागला मंगळवारी आणि पुढच्या मंगळवारी तो चुलत्यामागून सेलमच्या गाडीत बसला. त्यांच्या घरात हा रिवाजच होता. पुस्तकात डोकं चालत नाही ना, मग गलाईला जायचं. सराफांचं सोनं-चांदी गाळून शुद्ध करून द्यायचं, तमिळ शिकायचं आणि दिवाळीला नि जत्रेला गावी यायचं. बिरदेव तेव्हा सोळा वर्षांचा होता. पहिली दोन वर्षं त्यानं कोळसा फोडला आणि दुकानातल्या सहा जणांचा स्वयंपाक केला. आज त्या गोष्टीला सव्वीस वर्षं झाली. आता त्याचं स्वतःचं छोटं दुकान आहे. तमिळ सोनार त्याच्याशी भांडतात, त्याला चहा पाजतात आणि दागिन्यात किती खोट आहे ते त्यालाच विचारतात. ॲसिडानं त्याच्या उजव्या हाताची बोटं कायमची पिवळी पडली आहेत. लग्नात मयूरीच्या मैत्रिणींना ती हळद वाटली होती.

मयूरी कराडची, इतिहास घेऊन बी. ए. झालेली. लग्नानंतर महिन्याभरातच तिनं वाटणी करून टाकली होती, "तुम्ही दुकान बघा, मुलांच्या शिक्षणाचं मी बघते." मूल एकच झालं, आणि ते बघणं यंदा फार झालं होतं. जूनमध्येच तिनं विट्यातल्या घराच्या भिंतीवर वेळापत्रक चिकटवलं. तीन क्लास लावले, टीव्ही बंद केला, शिवांजलीचा फोन कपाटात गेला. बिरदेव रोज संध्याकाळी फोन करायचा, तोही तिनं रविवारी दहा मिनिटांवर आणला. "आवं, दहावी आहे. तुम्ही गप्पा मारत बसता, तिचं लक्ष उडतं."

"बरं, बरं," बिरदेव म्हणाला. शिकलेल्या बायकोपुढं शाळेच्या बाबतीत बोलायचं नाही, हे त्यानं स्वतःच ठरवून टाकलेलं होतं.

सासूबाई सुलाबाई मात्र बोलायच्या. "आगं, दहावी पोरीची हाय का तुजी? पोरगी जेवताना सुदिक पुस्तकाकडं बघती. घास नाकात जाईल एक दिवस."

शिवांजली दिवसेंदिवस अबोल होत गेली. काहीही विचारलं तरी "हं". दिवाळीची सुट्टी संपली, बिरदेव सेलमला परत गेला आणि त्यानंतर चार दिवसांनी ते तेरा घरी आले. त्याच आठवड्यात नणंदेनं शिवांजलीसाठी मदुराईच्या एका गलाईवाल्या घरचं स्थळ बोलता बोलता सुचवून ठेवलं, "आत्ताच न्हाई गं, पर कानावर असू दे." रविवारी संध्याकाळी बिरदेवचा फोन आला आणि मयूरीच्या तोंडून चौतीस निघून गेले. शिवांजली समोर बसून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी बिरदेवनं दुकानातल्या माणसांना म्हैसूरपाक वाटला आणि त्याचा फोटो पाठवला.

डिसेंबरातल्या एका रविवारी मयूरी खाली भाजीच्या गाड्यापाशी उतरली. मेथीवरून बोलाचाली झाली, मग शेजारीण भेटली. वर यायला पाऊण तास लागला. जिन्यातच तिला शिवांजलीचं हसणं ऐकू आलं, आणि ती थबकलीच. सहा महिन्यांत हे हसणं तिनं ऐकलं नव्हतं.

दारात सुलाबाई उभ्या होत्या, हातात कपाटाची किल्ली. "बिरदेवाचा फोन आल्ता. मीच दिला काढून."

"आत्या, दहा मिनिटं ठरलंय ना!"

"हितंच उभी ऱ्हा. आत गेलीस तर बघ."

मयूरीनं पिशवी हातातच धरून आत डोकावलं. शिवांजलीनं फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता. पडद्यावर बिरदेव एका मोठ्या बरणीशेजारी उकिडवा बसला होता.

"आता बघ, मगाशी हे कसं दिसत हुतं? साधं पाणी. ह्यात चांदी हाय म्हणलं तर कोण इश्वास ठेवंल? सोन्यात मिसळलेली चांदी आमी ॲसिडात इरघळवली. गेली, दिसंनाशी झाली."

"मग वाया गेली?"

"वाया? चांदी वाया घालवाय लागलो तर दुकानाला टाळंच की! म्हणून तर मगाशी तांब्याची पट्टी सोडली. आता बघ तिच्याकडं."

"ईऽऽ! हे काय चिकटलंय? कापसासारखं!"

"चांदी हाय ती. आपली आपण भाईर येती."

"पण का येते?"

"का म्हंजे? येती! सव्वीस वरसं येती."

"आणि पाणी निळं झालंय, पप्पा."

"व्हतंच. रोज व्हतं."

शिवांजलीनं पुस्तक ओढलं आणि फडाफड पानं उलटली. "थांबा, थांबा, थांबा! तांबं चांदीपेक्षा जास्त अभिक्रियाशील आहे. ते स्वतः पाण्यात जातं आणि चांदीला बाहेर ढकलतं! तांबं गेलं म्हणून पाणी निळं! पप्पा, ही विस्थापन अभिक्रिया आहे! हे आमच्या धड्यात आहे!"

"धड्यात? आमचं दुकान?"

"अहो, समीकरणासकट!"

"आमच्यात म्हंत्यात, तांबं आत, चांदी भाईर. एवढंच."

"तेच तर समीकरण आहे!" ती ओरडली आणि लिहायला लागली. पेन कुठं अडलं नाही. बिरदेव पडद्याला डोळा लावून बघत होता. "हे सी-यू काय गं?" त्यानं विचारलं. "तांबं," ती म्हणाली. "मग तांबंच लिवा की, कशाला इंग्रजीत लपवताय!" आणि पुन्हा ते हसणं.

हसता हसता बिरदेव म्हणाला, "मला शाळंत कुणी आसं सांगितलंच न्हाई बघ. फळ्यावर निस्ती अक्षरं हुती."

मयूरी दारातून मागं सरली. काय करावं ते न सुचून तिनं सगळी मेथी एकदमच निवडून टाकली.

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी सातचा क्लास बंद झाला आणि सेलमचा फोन सुरू झाला. बिरदेव भट्टी दाखवायचा, सोनं वितळवायची मूस दाखवायचा, मिठाचं पाणी दाखवायचा, शिवांजली त्या सगळ्याला पुस्तकातली नावं द्यायची. जेवताना ती बोलायला लागली. सुलाबाईंनाही तिनं एकदा गंज का चढतो ते समजावलं. "मग तवा उनात ठेवू का नगं?" एवढंच त्यांनी विचारलं.

घटक चाचणी झाली. विज्ञानात वीसपैकी सतरा! शिवांजली जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढून आली. मयूरीनं तिला दारातच मिठी मारली, सुलाबाईंनी हातावर साखर ठेवली. फोन लागला.

"पप्पा, वीसात सतरा!"

"झ्याक!" बिरदेव म्हणाला. मग हिशेबी माणसाच्या सवयीनं थांबला. "वीसात सतरा, म्हंजे चाळीसात चौतीस. पयल्याएवढंच की. चांगलं हाय. हाय तिथं टिकून ऱ्हायलीस."

शिवांजलीच्या चेहऱ्यावरचा सगळा उजेड उतरला. तिनं आईकडं बघितलं, फोन तिच्या हातात दिला आणि आत निघून गेली. मयूरी फोनवर काहीतरी बोलली. काय बोलली ते तिचं तिलाच आठवत नाही.

त्यानंतरच्या शनिवारी शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. मयूरी सकाळपासूनच तिथं होती. शिवांजलीच्या टेबलावर ही गर्दी! तिनं तांब्याच्या तारेचं छोटं झाड करून काचेच्या ग्लासात शाळेच्या सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात सोडलं होतं, आणि त्या फांद्यांवर बघता बघता चांदीची पालवी फुटत होती. मागच्या तक्त्यावर लिहिलं होतं, 'माझ्या वडिलांची प्रयोगशाळा'. आठवीची पोरं एकमेकांच्या पाठीवर चढून बघत होती.

"खरी चांदी हाय का? इकता येती?"

"येते. पण आधी धुवायची, वाळवायची, गाळायची. तू मावशील त्या मुशीत?"

पोरं खिदळली. मयूरीला वाटलं, ही आपलीच मुलगी का?

बाहेरून आलेले परीक्षक चष्मा सावरत वाकले. "पाण्यातली सगळी चांदी निघाली, हे तुझ्या वडिलांना कसं कळतं?"

"एक थेंब मिठाच्या पाण्यात टाकतात, सर. दुधासारखं पांढरं झालं तर चांदी अजून शिल्लक आहे." तिनं लगेच थेंब टाकून दाखवला. पाणी पांढरं झालं. "बघा, माझी आहे अजून शिल्लक!"

परीक्षक मोठ्यानं हसले. "आणि तांब्याऐवजी लोखंड टाकलं तर?"

"चांदी त्यानंही निघेल, सर. पण दुकानात तांबंच का वापरतात ते पप्पांना विचारावं लागेल."

"मग त्यांनाच घेऊन ये की! तुझा प्रयोग तालुक्याला पाठवतोय आम्ही. पुढच्या गुरुवारी."

टाळ्या वाजल्या. विज्ञानाच्या शरयू मॅडम मयूरीपाशी आल्या तेव्हा त्यांचा आवाज आनंदानं चढला होता. "वडिलांना नक्की बोलवा हं. मला त्यांना भेटायचंच आहे. तेराची मुलगी सतरावर आणली त्यांनी, आणि तेसुद्धा वीसातल्या! सेलममधून! मी तर पालक सभेत सगळ्यांना हे सांगणार आहे."

मयूरीनं मान हलवली. मॅडम पुढच्या टेबलाकडं गेल्या.

शिवांजली टेबल सोडून आईकडं आली. गाल लाल झालेले, बोटाला चांदीचा काळपट डाग. "मम्मी, पप्पा येतील ना? दोन दिवस दुकान बंद ठेवतील. मी सांगितलं तर येतीलच."

"येतील गं."

"पण मी सांगणार नाही." तिचा आवाज बारीक झाला. "आधी तू त्यांना तेरा सांग. मी एवढी वर आले आणि त्यांना वाटतं मी हाय तिथंच आहे. त्यांनी शिकवलं म्हणून झालं हे, तेसुद्धा त्यांना माहीत नाही. रोज बोलताना मला चोरासारखं वाटतं, मम्मी."

"आणि ते म्हणाले, राहू दे आता शाळा?"

"म्हणू देत. मी बोलेन त्यांच्याशी. मला येतं आता त्यांच्याशी बोलायला."

तिकडून पोरांनी हाका मारल्या. चांदीचं एक पान तुटून तळाशी गेलं होतं. शिवांजली पळाली.

मयूरी गर्दीतून बाहेर मैदानात आली. एकीकडं उड्या मारत सगळ्या गावाला सांगत सुटावंसं वाटत होतं आणि दुसरीकडं बिरदेवला सांगायचे तेरा तसेच राहिले होते. ज्या माणसाच्या मऊपणाला ती घाबरत होती, त्याच माणसानं बरणीशेजारी उकिडवं बसून महिन्याभरात तिची मुलगी तिला परत दिली होती. आणि त्यालाच तिनं त्याची कमाई कळू दिली नव्हती. साडेअकरा वाजले होते. या वेळी भट्टी पेटलेली असते, कामाच्या वेळी ती कधीही फोन करत नसे. दुपारपर्यंत थांबलं तर आपण पुन्हा काहीतरी कारण काढू, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आधी तेरा सांगायचे, मग गुरुवारचं सांगायचं, उलटं करायचं नाही. असं ठरवून तिनं सेलमचा नंबर लावला.