जाळीआड राहिलेली पिल्लं

ऑफिस सुटलं की वसुधा घरी जायची नाही, थेट वसाहतीमागच्या टेकडीवर जायची. बोरिवलीतल्या त्या टेकडीवरच्या लहानशा लेण्यात खाली महादेवाची पिंडी आणि वर छताला फळं खाणारी वटवाघळं. दिवेलागणीला ती थव्याने बाहेर पडायची आणि वसुधा समोरच्या दगडावर बसून त्यांची मोजदाद करायची. विद्यापीठातली ऋता या वटवाघळांचा अभ्यास करते, तिला आकडा कळवायची. घरच्यांनी वसुधाला वेड्यात काढलं, तरी ही बाई हटली नाही. हल्ली मात्र ती दमली होती. गुडघे दुखायचेच, पण त्याहून जास्त दमवायचं ते दरवर्षी त्याच माणसांना तेच समजावणं.

श्रावण जवळ आला की पिंडीवर उंबराच्या बिया आणि घाण पडते म्हणून उत्सव मंडळ कुरकुर सुरू करायचं. मंडळाचे प्रमुख तिचेच थोरले दीर, भाऊ. यंदा तिने त्यांच्याकडून शब्दच घेतला होता, एकही जीव मारायचा नाही.

त्या दिवशी ऑफिसात उशीर झाला. धापा टाकत वर पोचते तर लेण्याच्या तोंडाला नायलॉनची जाळी आणि भाऊ एकदम खुशीत.

"सगळी गेली गो! तुझ्यासारखाच दगडावर बसून होतो. शेवटचं बाहेर पडलं, मगच जाळी ठोकली. एकाला खरचटलं पण नाय."

वसुधाने जाळीला कान लावला. माणसाने शब्द अगदी तंतोतंत पाळला होता, ओरडायचं तरी कुणावर?

"भाऊ, पिल्लं आत आहेत. त्यांना अजून उडता येत नाही. आया परत येतील, पाजायला."

भाऊंनी आत बॅटरी मारली. कोपऱ्यात पिल्लांचा घोळका चिरचिरत लटकला होता. भाऊंचा चेहरा खर्रकन उतरला. "देवाच्या दारात काय करून बसलो मी," म्हणत त्यांनी स्वतःच कोयती घेऊन जाळी टराटरा कापली. थोड्या वेळाने आया आत शिरू लागल्या आणि वसुधाला रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लेण्यातून काहीच बाहेर आलं नाही. आत जाऊन पाहिलं तर छत रिकामं. बिथरलेल्या आयांनी पिल्लं पोटाशी धरून बिऱ्हाड हलवलं असावं. पण एवढा भार घेऊन पावसात किती लांब गेल्या, कितींना जागा मिळाली, कुणाला ठाऊक.

श्रावण लागला. स्वच्छ पिंडीची पूजा थाटात झाली, पण भाऊंचं लक्ष नव्हतं. रोज संध्याकाळी तेही टेकडीवर यायचे. "आज आली काय गो?" विचारायचे. वसुधा नुसती नकारार्थी मान हलवायची. धीर द्यायलाही अंगात त्राण लागतं.

ऋताचा फोन आला. "काकू, मेली की दुसरीकडे गेली, ते रिकाम्या छतावरून नाही ना सांगता येत. मी जंगलातल्या लेण्यांमध्ये बघते. तिथला आकडा वाढला असेल तर आशा आहे."

"वाढला तर भाऊंना फोन कर," वसुधा म्हणाली. "नाही वाढला, तर मला एकटीला."